पदवी आहे, पण रुग्णासमोर काही सुचत नाही

नव्याने नोकरीला लागलेले ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजार किंवा दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारे) माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: मार्क चांगले होते, पदवी आहे, पण प्रत्यक्ष कामात काहीच येत नाही असं वाटतं. पुनर्वसन केंद्रात काम करणारी एक तरुणीही हेच सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"आत्मविश्वास ठेवा" असं मी कोणाला सांगत नाही, त्याने अडलेलं काम सुटत नाही. आठवडाभर जिथे जिथे अडाल ते लिहून आणा, एवढंच म्हटलं.

तिची वही वाचण्यासारखी होती. पक्षाघात झालेल्या आजोबांना पलंगावरून खुर्चीत बसवणं तिला नीट जमत होतं. शर्ट घालताना आधी दुबळा हात बाहीत, हेही तिने त्यांना शिकवलं होतं. अडलं ते वेगळीकडेच. आजोबा स्वतः आंघोळ करायला तयार, पण मुलगी म्हणे, "मी असताना त्यांना कशाला त्रास?" एका सकाळी इतके रुग्ण, की आधी कोणाकडे जायचं ते ठरेना. डिस्चार्ज तोंडावर आलेला आणि घरचं बाथरूम कोणी पाहिलेलंच नाही. वर एका डॉक्टरांचा प्रश्न: "फिजिओथेरपी चालू आहे ना, मग तुमचं काय काम?"

"यात माहिती नव्हती म्हणून काय अडलं?" मी विचारलं.

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. "एक स्प्लिंट, हाताला आधार देणारी पट्टी. बोटं कोणत्या कोनात ठेवायची ते विसरले होते. पुस्तकात पाहिलं."

बाकी काही पुस्तकात सापडणारं नव्हतंच. अमेरिकी अभ्यासक मॉरीन फ्लेमिंग यांनी १९९१ मध्ये थेरपिस्टच्या विचाराचे तीन पदर मांडले: उपचाराची पद्धत, समोरच्या माणसाशी जुळवून घेणं आणि त्याचं पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर आणणं. महाविद्यालयात पहिला पक्का होतो. तिसरा बराचसा अनुभवानेच येतो. या व्यवसायाचा जागतिक महासंघ पदवीसाठी किमान १००० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मागतो. पूर्णवेळ नोकरीच्या हिशेबाने हे जेमतेम सहा महिने, तेही वेगवेगळ्या विभागांत वाटलेले. शिवाय तेव्हा शेवटची जबाबदारी मार्गदर्शकाची असते. नातेवाइकांशी बोलणं आणि एकाच वेळी अनेक रुग्ण सांभाळणं यांचा सराव अभ्यासक्रमात वाढायला हवा, हे माझंही मत आहे.

पण खरी गोम पुढे कळली. केंद्रात ती एकटीच ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. विचारायला कोणी नव्हतं, त्यामुळे प्रत्येक शंका तिला स्वतःची उणीव वाटत होती.

आम्ही व्यवस्थापनाला द्यायचं पत्र तयार केलं: बाहेरच्या एखाद्या अनुभवी थेरपिस्टसोबत दर आठवड्याला केसची चर्चा, कामाच्या वेळेत. महिन्यातून दोनदा मान्य झालं. पहिल्या चर्चेला ती आजोबांच्या मुलीचा प्रश्न घेऊन गेली.

नोकरी शोधणाऱ्यांना मी आता मुलाखतीतच विचारायला सांगतो: माझ्या केस कोण पाहणार, आणि किती दिवसांनी?