युक्रेनहून पाहुणे येतायत, आधी काय करायचं? (आमच्या घरचा अनुभव)

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डर्बीला राहता, होम्स फॉर युक्रेनमध्ये (युक्रेनच्या युद्धातून आलेल्यांना आपल्या घरी ठेवून घ्यायची ब्रिटन सरकारची योजना) स्पॉन्सर म्हणजे यजमान झालात, काउन्सिलची (इथल्या नगरपालिकेची) माणसं घर बघून गेली, डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) वगैरे झालं आणि पुढच्या गुरुवारी आई, आठ वर्षांचा मुलगा आणि आजी असे तिघं येतायत, आता हातपाय गार पडलेत. पडणारच, आमचेही पडले होते. आम्ही नॉटिंगहॅमला. २०२२ च्या जूनमध्ये आमच्याकडे खारकीवची एक बाई आणि तिचा मुलगा आले, सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि चौदा महिने राहिले. त्यामुळे जरा लांबच लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगते म्हणजे तुम्ही तीच करणार नाही. ती आली तेव्हा तिच्याकडे युक्रेनचं सिम होतं, ते इथे धड चालेना. मला उत्साह केवढा! पहिल्या दोन दिवसांत मी लॅपटॉप घेऊन बसले आणि युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी भत्ता), जीपी (इथला फॅमिली डॉक्टर), शाळा सगळे फॉर्म धडाधड भरले आणि सगळीकडे माझा मोबाईल नंबर आणि माझाच ईमेल टाकला. तेव्हा वाटलं काय झटपट काम केलं आपण. पुढचं वर्षभर तिचा प्रत्येक कोड माझ्या फोनवर. एकदा मी ऑफिसात मीटिंगमध्ये, फोन सायलेंट, आणि ही जॉबसेंटरला (भत्त्याचं आणि नोकरीचं सरकारी ऑफिस) वर्क कोच म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यासमोर बसलेली, लॉगिनला कोड हवा, चार मिस्ड कॉल. मी बाहेर येईपर्यंत तिची वेळ संपली होती. संध्याकाळी ती काही बोलली नाही, फक्त भांडी जरा जास्तच वेळ घासत राहिली. तिकडे अख्ख्या कंपनीचे हिशेब सांभाळणारी बाई, आणि इथे स्वतःचे पैसे जमा झाले का बघायला मला विचारायचं. मला नंतर फार लाज वाटली.

तर क्रम असा ठेवा: सिम, तिचा स्वतःचा ईमेल, मग बाकी सगळं. आजीचाही वेगळा. शेजारी बसा, वाचून दाखवा, पण टाईप तिला करू द्या, वेळ लागला तर लागू दे.

मग ईव्हिसा, म्हणजे ऑनलाईन व्हिसा. आमच्या वेळी बीआरपी म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड मिळायचं, आता ते बंद झालं, सगळं ऑनलाईन यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) अकाउंटवर असतं. नोकरी, भाड्याचं घर, सगळीकडे त्या अकाउंटमधून काढलेला, व्हिसा दाखवणारा शेअर कोड मागतात, तो ९० दिवस चालतो. पासपोर्टवरच्या नावाचं स्पेलिंग आणि तिथलं स्पेलिंग पहिल्याच दिवशी जुळवून बघा, एका अक्षराचा फरक असला तरी पुढे डोकेदुखी. व्हिसा हल्ली दीड वर्षाचा देतात (आमच्या वेळी तीन वर्षांचा होता), संपायच्या आधी एक्स्टेन्शनचा अर्ज करता येतो, त्याला फी नाही, आणि मुदतीत केला की उत्तर येईपर्यंत काम-भत्ते चालू राहतात. ही वर्षं सेटलमेंटसाठी (कायम राहायच्या परवानगीसाठी) मात्र धरत नाहीत, ते तिला कोणी चुकीचं सांगितलं असेल तर हळूच सांगा. इमिग्रेशनचा सल्ला आपण द्यायचा नाही बरं का, इथे तो रजिस्टर्ड माणसानेच द्यायचा असा कायदा आहे, आणि फेसबुकवर दोनशे पौंडात एक्स्टेन्शन करून देतो म्हणणारे बरेच सापडतील, त्यांच्यापासून लांब राहायला सांगा.

पैशाचं. काउन्सिल आल्याआल्या माणशी २०० पौंड देते, ते परत करायचे नसतात. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज पहिल्या दिवसापासून करता येतो पण पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात. मध्ये अ‍ॅडव्हान्स मिळतो, तो मात्र उधारीचा, पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात, हे नीट समजावून सांगा नाहीतर तिसऱ्या महिन्यात पैसे कमी का आले म्हणून घाबरायला होतं. आजी पेन्शनच्या वयाच्या पुढे असतील तर त्यांचं युनिव्हर्सल क्रेडिट नाही, पेन्शन क्रेडिट, तो अर्ज वेगळा. त्यांना बसचा पासही मिळतो आणि खरं सांगू का, आजीसाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच ठरेल. तुम्हाला स्वतःला महिना ३५० पौंड मिळतील, घरामागे, माणशी नाही, त्यावर टॅक्स नाही. भाडं घ्यायचं नाही. गॅस-विजेचा थोडा वाटा चालतो पण पहिले दोन महिने तो विषयच काढू नका.

बँकेचं अकाउंट लवकर उघडा, त्याशिवाय भत्ता जमा कुठे होणार. एका बँकेने आम्हाला तिच्या नावाचं लाईट बिल मागितलं, आता चार दिवसांपूर्वी आलेल्या बाईच्या नावाचं बिल कुठून आणू? दुसऱ्या बँकेत पासपोर्ट आणि व्हिसाच्या पत्रावर काम झालं. एकीने नाही म्हटलं तर वाद घालत बसू नका, सरळ दुसरीकडे जा.

जीपीला नाव घालायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं सक्तीचं नाही, रिसेप्शनवर कोणी अडवलं तर शांतपणे हेच सांगा. आणि इंटरप्रिटर मागा, फोनवरून देतात, फुकट असतो. आठ वर्षांच्या पोराला आईच्या दुखण्याचं भाषांतर करायला लावू नका, आम्ही एकदा लावलं, परत नाही. बाकी डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या म्हणाला की त्यांना तेवढंच आश्चर्य वाटतं जेवढं आपल्याला पहिल्या वर्षी वाटलं होतं :) तिकडे सरळ स्पेशालिस्टकडे जायची सवय, त्यामुळे रेफरल (स्पेशालिस्टकडे जायला जीपीची चिठ्ठी) म्हणजे काय हे आधीच सांगून ठेवा.

शाळेसाठी काउन्सिलकडे इन-इयर अ‍ॅडमिशनचा (वर्षाच्या मध्येच प्रवेश घ्यायचा) फॉर्म. जवळच्या शाळेत जागा नसली तर लांबची देतात, आमच्याकडच्या तिच्या पोराला दोन बस बदलून जावं लागायचं, वेटिंग लिस्टवर नाव ठेवा, आमचा नंबर तिसऱ्या महिन्यात लागला. तिथली मुलं सहाव्या वर्षी पहिलीत जातात, इथे त्याआधीच वाचायला लागलेली असतात, त्यामुळे इंग्रजी सोडून बाकीही अंतर दिसेल, गणितात मात्र उलटं, आमचा पोरगा वर्गाच्या पुढे होता. आणि बरीच मुलं इथली शाळा करून संध्याकाळी युक्रेनची ऑनलाईन शाळाही करतात. आमचा करायचा. साडेसातला झोपेने डोळे मिटतायत आणि आई म्हणतेय अजून एक धडा. मी मध्ये बोलले नाही. घरी परत जायचं आहे असं मनात असलेल्या आईला तुम्ही काय सांगणार?

आता घर. चपला दाराशीच काढायची पद्धत त्यांच्याकडेही आहे, घरात घालायच्या सपाता वेगळ्या, तिघांना तीन जोड आणून ठेवा. स्वयंपाकघरात एक फळी आणि फ्रीजचा एक कप्पा पूर्ण त्यांचा. पहिल्या आठवड्यात मी मिरचीची फोडणी दिली, ती खोकत खोकत खिडक्या उघडत धावली, तिला वाटलं काहीतरी जळालं. मग तिने एकदा बोर्श केला, बीटचं ते लालभडक सूप, आणि वरून हाताने तोडून हिरवं काय टाकत होती तर शेपू! आमच्याकडे शेपू म्हटलं की नवरा उठून जातो, आणि यांच्याकडे बटाट्यावर, सूपवर, काकडीवर, सगळ्यावर शेपू. सुपरमार्केटमध्ये चार काड्यांचं पाकीट मिळतं, मी तिला आपल्या इंडियन दुकानात नेलं, तिथे ही मोठी जुडी, ती अक्षरशः हसली, आल्यापासून पहिल्यांदा. ह्रेच्का म्हणून एक धान्य (आपला कुट्टू) लागतं त्यांना, ते पोलिश दुकानात मिळेल.

आवाजांचं सांगायलाच हवं. तुमच्याकडे दिवाळीत फटाके असतील आणि नोव्हेंबरच्या पाचला (इथली बॉनफायर नाईट) तर अख्खं शहर फटाके वाजवतं. आधी सांगा, दिवस सांगा, वेळ सांगा. आम्ही सांगितलं होतं तरी पोरगा जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसला. आणि २०२३ च्या २३ एप्रिलला सरकारने सगळ्यांच्या फोनवर इमर्जन्सी अलर्टची टेस्ट केली, दुपारी तीनला, तो सायरनसारखा आवाज. आम्हाला बातम्यांमधून माहीत होतं पण तिला सांगायचं राहून गेलं. ती भाजी चिरत होती, सुरी तशीच टाकून पोराला हाक मारत जिना चढली. अशी टेस्ट परत कधी असली तर आधी त्यांचे फोन हातात घेऊन सेटिंग बघा.

नवऱ्याचं, घराचं, काय राहिलंय तिकडे, हे विचारू नका, सांगायचं तेव्हा ती सांगेल. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये युक्रेनियन निवडा, रशियन नको, ती घरात रशियन बोलताना दिसली तरी तुमच्याकडून नको. माझा भाचा युक्रेनमध्ये विनित्सियाला एमबीबीएस करत होता, ऑपरेशन गंगाच्या वेळी रोमानियातून आला, मी मोठ्या कौतुकाने तिला ते सांगितलं तर ती म्हणाली "तो घरी पोचला ना", एवढंच. मी विषय बदलला.

माणसं जोडून द्या. आपल्या नॉटिंगहॅम-डर्बी पट्ट्यात युक्रेनियन लोक महायुद्धानंतरचे आहेत, त्यांची असोसिएशन १९४६ पासूनची, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर, नॉटिंगहॅम असे जुने क्लब आहेत, शनिवारी मुलांची शाळा भरते. तिथे गेल्यावर तिला कळलं की इथे ऐंशीच्या घरातल्या आज्ज्या आहेत ज्या युक्रेनियन बोलतात आणि कधी युक्रेनमध्ये राहिलेल्या नाहीत. तिला पहिली नोकरी तिथल्याच ओळखीतून मिळाली, हॉटेलात खोल्या आवरायची. मग कॉलेजात ईसोलचा (परभाषिकांसाठी इंग्रजीचा) क्लास, डिग्रीचं युके एनिककडून (परदेशी डिग्री इथे कशाच्या तोडीची ते सांगणारी संस्था) पत्र, आणि दीड वर्षाने एका छोट्या फर्ममध्ये पेरोलचं काम. मध्ये मी दोनदा घाई केली, ऑफिस जॉबला अर्ज कर म्हणून मागे लागले, तेव्हा ती म्हणाली आधी इंग्रजीत फोन उचलायची भीती जाऊ दे.

जमलं नाही तर? जमत नाही कधीकधी, दोष कोणाचाच नसतो. काउन्सिलच्या युक्रेन टीमला लवकर सांगा, ते दुसरा स्पॉन्सर बघतात. आणि वेगळं घर भाड्याने घ्यायची वेळ आली की गॅरंटर (भाड्यासाठी जामीन राहणारा) लागतो, तिथे बहुतेक अडतं, त्याची बोलणी चौथ्या महिन्यापासूनच सुरू करा. डिपॉझिटला काही काउन्सिल मदत करतात, विचारा.

बाकी गुरुवारी जेवण साधं ठेवा, भात, उकडलेला बटाटा, दही, काकडी. गप्पा नकोत, त्यांना झोपू द्या. सिम मात्र आजच मागवा, पोस्टाने यायला दोन-तीन दिवस जातात. आणि हो, दोन मागवा, आजीचं वेगळं.