स्कूटीसाठी जुना पीएफ काढू का?

प्रश्न : मी 39 वर्षांची, बी.एस्सी. बी.एड. 2012 ते 2016 शाळेत शिकवलं, मग मुलांसाठी नोकरी सोडली. दहा वर्षं नुसती घरीच आहे. आता जूनपासून कसबा बावड्यातल्या एका शाळेत 18,000 पगार मिळतोय, मूळ पगार 15,000. फुलेवाडीहून रोज जायला जुनी स्कूटी 45,000 ला मिळतेय. जुन्या पीएफमध्ये 62,000 आहेत, ते काढू? की घरच्या शिकवण्याच बऱ्या? आठ मुलं, 700 रुपये फी.

उत्तर : ताई, नोकरी घ्या. पीएफला मात्र हात लावू नका. आणि ते ‘नुसती घरी’ खोडा. दोन मुलं वाढवून वर शिकवण्या घेतल्यात तुम्ही.

18,000 मधून पीएफचे 1,800 जातील. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, आयकरही लागणार नाही. पेट्रोल, धाकट्याचं पाळणाघर, संध्याकाळच्या पोळ्यांना बाई, सगळे मिळून 5,500 धरले तरी 10,700 उरतात. शिकवण्यांचे 5,600, तेही उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद.

आता खरा मुद्दा. शाळाही दरमहा 1,800 भरते, त्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात. ही पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते आणि तिला किमान दहा वर्षांची सेवा लागते. जूनपासून 58 पर्यंत तुमची 19 वर्षं भरतील. 20 पूर्ण झाली तर सेवेत दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणजे तुमचं एका वर्षाने हुकणार! जुनी चार जोडली की 23, अधिक ती दोन. आजच्या नियमांनी पेन्शनमध्ये महिन्याला साधारण हजाराचा फरक पडतो, तोही आयुष्यभर. पीएफ काढताना फॉर्म 19, म्हणजे पीएफ काढण्याचा अर्ज, त्यासोबत बायका 10सी हा पेन्शनचे पैसे काढण्याचा अर्ज सुद्धा भरून टाकतात आणि मागची सेवा तिथेच संपते. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे, दर वेळी जीव हळहळतो.

शिवाय 2024-25 चं पीएफचं व्याज 8.25 टक्के होतं. तोच दर राहिला तर तुमचे 62,000 एकोणीस वर्षांत पावणेतीन लाखांच्या पुढे जातात.

मग स्कूटी? तुमच्या नावावर दीड लाखाची ठेव आहे आणि दिवाळीत भिशी लागणार, असं तुम्हीच लिहिलंय. ठेव न मोडता तिच्यावर 45,000 कर्ज काढा. 9 टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज सतराशेच्या आसपास. भिशीतून फेडून टाका.

रुजू होण्याआधी नेमणूकपत्र लेखी घ्या आणि पहिल्या महिन्यापासून पीएफ कापणार का, हे स्पष्ट विचारा. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागेल, तयारी आत्ताच सुरू करा. जुन्या खात्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. नव्या शाळेला तोच जुना यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) द्या, दुसरा काढू देऊ नका.