आंबे बहार डाळिंबाला कसा?

प्रश्न : शेतकरी गटातल्या नव्या सभासदांसाठी आम्ही नेहमीच्या शेती-शब्दांची सोप्या अर्थांसह यादी करतो आहोत. चार ठिकाणी अडलो. डाळिंबाच्या सल्ल्यात 'आंबे बहार' कुठून आला? खरीप आणि रब्बी ही नावे पेरणीवरून पडली की काढणीवरून? 'सुरू ऊस' म्हणजे सध्या उभा असलेला ऊस का? आणि 'वाफसा म्हणजे ओल' एवढे लिहिले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, पण ते शेवटी. चारही शब्द वस्तूंची नावे वाटतात आणि तिथेच घोटाळा होतो. खरे तर ते वेळ सांगणारे शब्द आहेत. तुमच्या यादीत त्यांच्यापुढे 'काय' लिहाल तेव्हा 'कधी' हेही लिहा, म्हणजे निम्मे काम झाले.

आंबे बहाराचा आंब्याच्या फळाशी संबंध नाही, मोहोराशी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत आंबा मोहोरतो, त्याच सुमारास डाळिंब, संत्रा, मोसंबी यांना जी फूट (फुलोरा) येते तो आंबे बहार. विदर्भातले संत्रा बागायतदार त्याला आंबिया म्हणतात. जून-जुलैच्या फुटीला मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुटीला हस्त बहार. म्हणजे दोन बहारांना नक्षत्रांची नावे मिळाली आणि तिसऱ्याला शेजारच्या झाडाचे. मला हे नाव फार आवडते. जानेवारीत पावसाचे नक्षत्र नसते, मग लोकांनी डोळ्यांसमोर दिसणारी खूण घेतली.

यादीत 'बहार' या शब्दाला मात्र दोन ओळी जास्त द्या. मूळ फारसी शब्दाचा अर्थ वसंत. एरवी मराठीत 'बहार आली' म्हणतो, तेव्हा तो स्त्रीलिंगी असतो. बागेत तोच पुल्लिंगी होतो : 'यंदा मृग बहार धरला.' यातले 'धरला' हे क्रियापद महत्त्वाचे. या झाडांना आपल्या हवामानात वर्षातून तीनदा फुटण्याची सोय आहे, पण तिन्ही वेळा फळ घेतले तर झाड खचते आणि माल बारीक राहतो. म्हणून बागायतदार एक बहार निवडतो. पाणी तोडून झाडाला ताण देतो, वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो, आणि पुन्हा पाणी सुरू केले की फुले येतात. हा सगळा व्यवहार 'धरणे' या एका शब्दात आहे. हस्त बहार धरणे अवघड का, तेही यातून कळते : ताण द्यायची वेळ नेमकी पावसाळ्यात येते आणि वरून पडणारे पाणी काही तोडता येत नाही. 'बहार फुटला' आणि 'बहार धरला' हे एकच समजू नका. पहिले झाडाचे काम, दुसरे माणसाचे.

डाळिंबाला फुलापासून फळ काढणीला यायला साधारण पाच-सहा महिने लागतात, नागपुरी संत्र्याला आठ-नऊ. म्हणून आंबे बहाराचे डाळिंब पावसाळ्यात तोडणीला येते आणि आंबिया संत्रा ऑक्टोबरपासून पुढे. 'आंबे बहाराचा माल' म्हणजे आंब्याच्या हंगामात विकायचा माल, असे नव्या माणसाला वाटू शकते. यादीत हे स्पष्ट करा.

मृग आणि हस्त म्हणजे सूर्यनक्षत्रे. सूर्य एका नक्षत्रात सुमारे साडेतेरा दिवस असतो. मृग 7-8 जूनला लागते, हस्त 27 सप्टेंबरच्या आसपास. मधली आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य वगैरे नावे कॅलेंडरात मिळतील. पण गावात पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणतात, ते कॅलेंडरात सहसा नसते. यादीत घ्याच.

आता खरीप-रब्बी. दोन्ही शब्द अरबी. खरीफ म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. जुनी मराठी कागदपत्रे चाळणाऱ्यांना रबिलावल, रबिलाखर हे हिजरी महिने ठाऊक असतील, त्यांतला 'रबि' हाच. शरदात हाती येते ते खरीप, वसंतात हाती येते ते रब्बी, असा मूळ हिशेब. महसूल पिकाच्या काढणीशी बांधलेला होता, तेव्हा सरकारी दृष्टीने तो सोयीचाच. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे इतिहासातले उत्तर 'काढणीवरून'.

पण यादीत तसे लिहू नका. आपल्या बोलण्यात हा हिशेब उलटला आहे. तूर जूनमध्ये पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत काढतात, तरी ती खरिपातच मोजली जाते. 'खरीप तोंडावर आला' हे वाक्य आपण मे महिन्यात बोलतो, सप्टेंबरात नाही. पावसाच्या भरवशावर जून-जुलैत पेरायचे ते खरीप, पावसाळा सरताना पेरायचे ते रब्बी. आजचा अर्थ हाच आणि यादीसाठी तोच बरोबर. अरबीतल्या अर्थाला धरून शेतकऱ्याला चूक ठरवणे हा शब्दप्रेमींचा आवडता उद्योग आहे, त्यात पडू नका. 'रबी' लिहावे की 'रब्बी', या वादाचेही तेच. मराठीने ब दुप्पट करून शब्द आपला केला आहे, तो तसाच ठेवा. तिसऱ्या हंगामाला मात्र आपण घरचेच नाव दिले : उन्हाळी. उन्हाळी भुईमूग म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेला.

'सुरू ऊस' हा प्रश्न वाचून हसू आले, पण चूक तुमची नाही. 'सुरू उसाला पाणी द्यावे' हे वाक्य कोणालाही 'चालू उसाला' असेच ऐकू येईल. सुरू हे लागणीच्या हंगामाचे नाव आहे. साधारण 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी या काळात लावलेला ऊस तो सुरू, आणि तो वर्षभरात तोडणीला येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला तो पूर्वहंगामी, साधारण चौदा-पंधरा महिन्यांचा. इथे 'पूर्व' म्हणजे सुरू हंगामाच्या आधी. कारखान्याच्या गळीत (ऊस गाळण्याच्या) हंगामाशी त्याची गल्लत करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला तो आडसाली. 'दिवसाआड'मधला आड इथे सालाला लागला आहे : या उसाला सोळा ते अठरा महिने लागतात, म्हणून यंदा लावलेला ऊस येता गळीत हंगाम सोडून त्यापुढच्याला जातो. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटवे धरून घेतात तो खोडवा, आणि खोडव्यानंतरही ठेवला तर निडवा.

जाता जाता 'लागण'. उसाच्या पट्ट्यात लागण म्हणजे लावणे, आणि दवाखान्यात लागण म्हणजे रोग पसरणे. 'यंदा उसाची लागण वाढली' ही बातमी शहरातला वाचक घाबरून वाचत असणार. यादीत 'लागण (ऊस) : लागवड' एवढे पुरे.

राहिला वाफसा. ओल म्हणजे जमिनीत पाणी किती, आणि वाफसा म्हणजे त्या पाण्यासह जमीन कामाला तयार झाली का. मुसळधार पावसानंतर काळ्या रानात ओल भरपूर असते, वाफसा मात्र नसतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरलेल्या असतात, मुळांना हवा मिळत नाही, औत घातले तर चिखल वळतो आणि पुढे त्याचीच ढेकळे होतात. जादाचे पाणी निथळून पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही राहिली की वाफसा आला. मूठभर माती दाबून गोळा करा. हलक्या हाताने टाकल्यावर तो फुटला तर वाफसा, चिकटून राहिला तर थांबा, गोळाच झाला नाही तर वेळ निघून गेली. मुरमाड रानात वाफसा लवकर येतो आणि लवकर जातो. भारी काळ्या रानात तो यायला काही दिवस लागतात.

म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा नेहमीचा सल्ला आणि 'वाफसा पाहून पेरा' हा सल्ला यांत फरक आहे. पहिला ओलीबद्दल आहे : वरची ओल खालच्या ओलीला मिळाली पाहिजे, नाहीतर उगवण होऊन रोप जळते आणि दुबार पेरणी येते. दुसरा वेळेबद्दल. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. कापसाची धूळपेरणी करणारा शेतकरी दोन्हींची वाट न पाहता कोरड्यात बी टाकतो. तो त्याने पत्करलेला धोका असतो.

काही भागांत वाफशालाच 'घात' म्हणतात. 'रानाला घात आली', 'ऐन घातीला पाऊस आला' अशी वाक्ये ऐकाल. ही घात स्त्रीलिंगी, आणि दगाफटका करणारा घात पुल्लिंगी. यादीत लिंग न देता नुसते 'घात' छापलेत, तर सभासद काय वाचतील ते सांगायला नको. 'घात (स्त्री.) : वाफसा, पेरणी-मशागतीची योग्य वेळ' असे लिहा.