दुसऱ्याच्या लायसन्सवर आपला फोटो

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. सुटीत मित्रांबरोबर गोव्याला गेला असताना त्याने माझ्या पुतण्याकडून (वय २१) त्याच्या लायसन्सचे छायाचित्र मागवले, मोबाइलवरच त्यात स्वतःचा फोटो बसवला आणि ते दाखवून पणजीत स्कूटर भाड्याने घेतली. अपघात झाला नाही. पकडला असता तर फार तर दंड भरावा लागला असता, असे घरात सगळे म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हे खरे नाही, आणि आपण वेळीच विचारले हे फार चांगले झाले. घरातील मंडळींच्या मनात आहे तो केवळ विनापरवाना वाहन चालवण्याचा गुन्हा. त्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. परंतु फोटो बदलला त्या क्षणी प्रकरण वाहतुकीच्या नियमांपुरते राहिले नाही. सरकारने दिलेल्या ओळखपत्राची बनावट प्रत तयार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंडाचा गुन्हा आहे. बनावट आहे हे ठाऊक असताना असा दस्तऐवज खरा म्हणून वापरणाऱ्यालाही, कलम ३४० नुसार, तो स्वतः बनवल्याप्रमाणेच शिक्षा होते. संहितेत इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचाही स्पष्ट समावेश असल्याने ‘तो तर नुसता मोबाइलमधला फोटो होता’ हा बचाव टिकत नाही. शिवाय दुसऱ्याच्या नावाने दुकानदाराची फसवणूक केली म्हणून कलम ३१९ लागू शकते. त्यात कैद पाच वर्षांपर्यंत आहे.

मुलगा अल्पवयीन असल्याने त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल आणि तेथे समज, समुपदेशन, समाजसेवा अशा सुधारणेच्या उपायांना वाव असतो. पुतण्याला मात्र हा आधार नाही. आपले लायसन्स दुसऱ्याला वापरू देण्यास अधिनियमाच्या कलम ६ ने मनाई केली आहेच. पण छायाचित्र कशासाठी हवे आहे हे ठाऊक असूनही त्याने ते पाठवले असेल, तर बनावटीच्या गुन्ह्यात साहाय्य केल्याचा आरोप त्याच्यावर येऊ शकतो आणि तो खटला प्रौढ म्हणूनच चालेल.

आता आपल्याविषयी, कारण खरी काळजी मला येथे वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांना दोषी धरले जाते आणि तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी पुरेशी दक्षता घेतली होती, हे पालकाने सिद्ध केले तर त्याची सुटका होते. झाल्या प्रकाराबाबत आपण तसे म्हणू शकाल. परंतु आता सारे ठाऊक झाल्यावर मुलाने पुन्हा तेच केले, तर ‘मला माहीत नव्हते’ हे न्यायालयाला पटवून देणे फार अवघड होईल.

अपघात झाला नाही हे सुदैवच. विनापरवाना चालकाच्या हातून कोणी जखमी झाले, तर जखमीला आधी विमा कंपनीने भरपाई द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ही वाट मान्य केली आहे. खोट्या लायसन्सवर फसलेला मालक ती रक्कम मग मुलाच्या घरच्यांकडून मागणारच.

ते छायाचित्र यापुढे कोणालाही दाखवू किंवा पाठवू नये, हे मुलाला आणि पुतण्याला आजच स्पष्ट सांगा. पोलिसांकडे आता लायसन्सचा क्रमांक टाकून मूळ नोंद तपासण्याची सोय असल्याने अशी बनवाबनवी रस्त्यावरच उघडी पडते. या प्रकाराबाबत कधी विचारणा झालीच, तर खोटे काही सांगू नका आणि जबाब देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या.