पोट फुगतं म्हणून काढा घेतला, आता छातीत जळजळतं

प्रश्न : नमस्कार ताई, मी डिचोलीला राहते. पावसाळा लागला की जेवल्यावर पोट फुगतं, अळसांद्यांचं तोणाक (आपल्या गोव्याकडच्या मोठ्या चवळीची रस्साभाजी) केलं तर विचारूच नका. शेजारणीने सांगितलं म्हणून सकाळी अनशापोटी सुंठ, मिरी, लवंग, दालचिनीचा कडक काढा घ्यायला लागले. गॅस थोडा कमी झाला, पण आता छातीत जळजळतं, रात्री घशाशी आंबट येतं. काढा चालू ठेवू का?

उत्तर : नको, आधी तो बंद करा. मसाले वाईट म्हणून नव्हे हो, पण गॅस वेगळा आणि ॲसिडिटी वेगळी, एकाला जे बरं वाटतं तेच दुसरीला भडकवतं. आल्याने पोट लवकर रिकामं व्हायला मदत होते, मळमळ थांबते, हे खरंय, पण आलं वाळताना त्यातल्या जिंजरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल हे दुसरं द्रव्य होतं आणि ते जास्त तिखट, वर मिरी-लवंग, तेही रिकाम्या पोटी, मग जळणारच ना. आणि बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅशिया जातीची असते, तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य असतं, ती रोज भरपूर घेणं यकृताला चांगलं नाही.

मला तर आपली जेवणातच मसाला घालायची पद्धत पटते. अळसांदे रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, गॅस करणाऱ्या साखरा थोड्या त्यातच निघून जातात, मग नव्या पाण्यात मऊ शिजवा, फोडणीला चिमूटभर हिंग. (गहू सोसत नसेल तर डबी वाचून घ्या, हिंगात बऱ्याचदा पीठ मिसळलेलं असतं.) खतखत्यात (आपल्या मिसळ भाजीत) तिरफळं घालता तशी तोणाकातही चार घालून बघा, काळी बी काढून फक्त साल, पचायला बरं म्हणून जुनी माणसं घालायचीच. जेवल्यावर भाजलेला ओवा, अगदी चिमूटभर, चावून खा. मात्र जळजळ थांबेपर्यंत तोही नको.

सोलकढी पाचक खरी, पण कोकमाचा आंबटपणा आणि हिरवी मिरची घशाशी येणाऱ्याला सोसत नाही, म्हणून काही दिवस रात्रीची नकोच. रात्री लवकर मऊ पेज घ्या, जेवून लगेच आडवं होऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, वजन उतरलं, घास अडकला किंवा शौचाला काळी झाली तर घरगुती उपाय सोडून सरळ डॉक्टरकडे जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळद-आल्याचे काढे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.