शेजारच्या चीडच्या झाडाचं भांडं रिकामं का?

प्रश्न : मी भजनाला व्हायोलिनची साथ करतो. गजाला लावायचं रोझिन पाईनच्या चिकापासून होतं, म्हणून मे महिन्यात उत्तराखंडात कौसानीला गेलो तेव्हा चीडच्या, म्हणजे तिकडच्या पाईनच्या, खोडांना खाचा मारून लिसा, म्हणजे चीक, काढतात ते मुद्दाम पाहिलं. सारख्याच जाडीची दोन झाडं शेजारी उभी. एकाचं भांडं काठोकाठ, दुसऱ्याचा तळ जेमतेम ओला. असं का? जास्त देणाऱ्याची वाढ खुंटते का? भरल्या भांड्याच्या झाडाखालचं बी आणलंय, ते इथे लावू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आमच्या सत्तरीतल्या भाटात वडिलांनी एकाच काजूच्या बिया पेरल्या होत्या. त्यातलं एक झाड लवकर मोहरतं, बोंडू मोठा. दुसऱ्याची बी बोराएवढी. माती तीच, पाऊस तोच. चीडचंही तसंच आहे.

तरी एका भांड्यावरून निकाल देऊ नका. खाच ताजी होती का, उन्हाच्या बाजूला होती का, शेंडा किती डेरेदार, यानेही फरक पडतो. वंशाचा वाटा कळायला अनेक आयांची रोपं एकाच जागी, मिसळून लावावी लागतात. अमेरिकेत फ्लोरिडा-जॉर्जियाकडे 1941 पासून स्लॅश पाईनची भरपूर चीक देणारी झाडं निवडून अशी लागवड केली. सरासरीच्या दुप्पट देणारी झाडं मिळाली, आणि झाडाझाडांतल्या फरकाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग वंशातून आलेला निघाला. मला ही चिकाटीची कामं फार मोलाची वाटतात. पेरणाऱ्याला उत्तरासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

वाढीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. खाच मारून चीक काढत राहिलं तर त्या झाडाचा घेर सावकाश वाढतो, तो जखमेचा खर्च. पण जात्याच जास्त चीक असणं म्हणजे खुरटेपणा नव्हे. लोब्लोली पाईनच्या चाचण्यांत भराभर वाढणारी घराणी चिकालाही चांगली निघाली. चीक ही झाडाची ढालच आहे: साल पोखरणारा भुंगेरा आत शिरला की ती त्याला बाहेर लोटते.

राहिलं बी. चीडचे पराग वाऱ्यावर येतात. आई तुम्ही पाहिलीत, बाप कोण ते ठाऊक नाही. म्हणून तर काजूचं आपण कलम बांधतो. शिवाय चीड हिमालयाच्या उतारावरचं झाड, फोंड्याच्या दमट हवेत त्याचे हाल होतील. पुन्हा कौसानीला जाल तेव्हा दोन्ही खोडांचा घेर मोजा आणि खाचा कुठल्या दिशेला आहेत ते लिहून मला जरूर कळवा.