चोक काढला की बंद, तापली की बंद

प्रश्न : माझी १०० सीसीची फोर-स्ट्रोक मोटरसायकल २२ वर्षांची आहे. मध्ये आठ महिने उभी होती. आता चोक दिला की दुसऱ्या किकला सुरू होते, चोक काढला की बंद पडते. रेस धरून ठेवली तर चालते. कार्बोरेटर साफ करून घेतला, फरक नाही. शिवाय दहा-बारा किलोमीटर गेलं की आचके देत थांबते आणि पंधरा मिनिटांनी निमूट सुरू होते. नवा कार्बोरेटर टाकायला सांगताहेत. टाकू का?

उत्तर : एवढ्यात नका टाकू. तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत असं मला वाटतं, आणि दुसऱ्याचा कार्बोरेटरशी बहुधा संबंधच नाही.

आधी चोकचं. चोक दिला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. तेवढ्यावरच ते चालत असेल, तर एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. आठ महिने उभ्या गाडीत माझा पहिला संशय पायलट जेटवर, म्हणजे रेस न देता गाडी स्लोवर चालते तेव्हा पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यावर. कार्बोरेटरची खालची वाटी काढली की मधला मोठा मेन जेट (रेस दिल्यावर पेट्रोल देणारा) लगेच दिसतो. पायलट जेट त्याच्या शेजारी खोल भोकात बसलेला असतो आणि साफसफाईत नेमका तोच राहून जातो. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. पेट्रोल वाळून झालेला पिवळट चिकटा तेवढं बुजवायला पुरतो. बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने तो काढा, उजेडासमोर धरा. स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. अंधूक किंवा चंद्रकोरीसारखा दिसला तर अजून घाण आहे. क्लीनर मारा, हवेचा झोत द्या. सुई घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की तो जेट गेला.

मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. आवळू नका, टोक मोडतं.

जेट साफ असूनही गाडी स्लोवर टिकत नसेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर, चोक देऊन गाडी चालू ठेवून, थोडं पाणी फवारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. आतली रबरी रिंग कडक झाली असेल, ती बदला.

आता दहा-बारा किलोमीटरनंतरचं. इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण मी स्वतः यात एक आठवडा घालवलाय. माझ्या गाडीचंही हेच होत होतं. मी तीनदा कार्बोरेटर उतरवला, प्लग बदलला. दोष निघाला टाकीच्या झाकणात. टाकी मीच रंगवली होती आणि झाकणाच्या श्वासाच्या भोकात रंगाचा एक थेंब सुकला होता. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. थांबल्यावर फटीतून हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा चालायची.

पण तापलेली इग्निशन कॉइलही (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारी) असाच दगा देते, आणि घट्ट झालेला टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाची झडप) आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट संपलेली असणं. तिघांनाही पंधरा मिनिटांची विश्रांती लागू पडते. म्हणून घरी नेऊन तपासलं की काहीच सापडत नाही. गाडी बंद पडते त्याच मिनिटाला तपासायला हवी. प्लगपाना आणि एक जादा प्लग बरोबर ठेवा.

थांबल्या थांबल्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘सूं’ आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर काम तिथेच झालं. नाही झाली तर झाकण नीट लावा, प्लगच्या वायरची कॅप काढून तिच्यात जादा प्लग घालून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्या. उघड्या भोकातून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ठिणगी निळी, टणक हवी. नसेलच, तर कॉइलकडे वळा.

ठिणगी आहे, पेट्रोलही आहे, तरी चालत नाही? मग किक सावकाश दाबून बघा. सकाळच्या थंड गाडीपेक्षा ती पोकळ लागली, तर टॅपेट तपासा. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट उरली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. जुन्या गाडीचा टॅपेट थोडा वाजला की लोक घाबरून आवळून घेतात. त्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. वाजणारा टॅपेट मला गप्प टॅपेटपेक्षा बरा वाटतो. सेटिंग रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, गाडीच्या पुस्तकातल्या मापानेच करा.

प्रश्न : प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घटलंय. इंजिन उतरवावं लागेल का?

उत्तर : आधी प्लगवर बोट फिरवा. कोरडी, मऊ काजळी बोटाला लागली तर पेट्रोल जास्त जातंय : एअर फिल्टर तुंबलाय, चोक पूर्ण परत जात नाही, किंवा फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हल वर आहे. याच क्रमाने बघा. बोट तेलकट झालं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर मात्र ऑइल जळतंय. धूर सकाळी सुरू करताना क्षणभरच दिसला तर व्हॉल्व्हची सील, रेस दिल्यावर सतत दिसला तर पिस्टन रिंगा. सील बदलायला सिलिंडर हलवावा लागत नाही. रिंगांसाठी तो उतरवावाच लागेल.